माथेरानात छोटं लग्न : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

छोटेखानी, मोकळ्यावर आणि तेही डोंगरावर लग्न करायचं ठरवलंत, अभिनंदन! आता फक्त घरच्यांना सांगायचं राहिलंय. पायऱ्या क्रमानेच चढाव्यात.

१. जागा : माथेरानच घ्या. उंची साधारण ८०० मीटर, मुंबई-पुणे दोन्हीकडून सोयीचं. खरा गुण वेगळाच : दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी. ‘जाता जाता पाच मिनिटं डोकावतो’ म्हणणारे नाक्यावरच गळतात.

२. यादी : पन्नास माणसांपासून सुरुवात करा. आई माहेर घालेल, बाबा ऑफिस घालतील, यादी दीडशेवर जाईल. वाद घालू नका. पत्रिकेत ठळक अक्षरांत छापा : ‘नाक्यापासून कार्यालय अडीच किलोमीटर, बूट घालून यावे.’ नावं खोडायचं पाप तुमच्या माथी नको. ते पाहुण्यांचे गुडघे करतील.

३. मुहूर्त : इथे पंचांग आणि पाऊस यांचं एकमत आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, आणि पावसाळ्यात नेरळहून अमन लॉजपर्यंतची मिनी ट्रेनही बंद असते. तुळशीचं लग्न लागू द्या, मग तुमचं.

४. वरात : नवरदेव घोड्यावर बसणार, तर हौस भागवून घ्या. मात्र त्याच्या आधी आत्या घोड्यावरून आलेली असते, मागून मेहुणा, त्यामागे गुरुजी. नवरदेव कोणता हे मुंडावळ्यांवरून ओळखावं.

५. सामान : १९०७ साली पीरभॉय घराण्याने बांधलेली ती दोन फुटी रुळांची गाडी रुखवत आणायला नाही. तांदूळ, सिलिंडर, सतरंज्या सगळं घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. प्रत्येक खेपेचे पैसे पडतात हे कळलं, की पाच पक्वान्नांवर अडून बसलेले काकासुद्धा मसालेभात, मठ्ठा आणि जिलबीवर येतात. धोतर पांढरं नेसू नका. लाल माती ते तासाभरात भगवं करते.

६. माकडं : यांना आमंत्रण लागत नाही, मानपानही नाही. एक जण छपरावरून लक्ष वेधून घेतो, दुसरा मागून टेबलक्लॉथ ओढतो आणि रुखवतातला लाडूंचा किल्ला झाडावर बसून पाडला जातो. राखणीला शाळकरी भाचा काठी देऊन बसवा. लाडू त्याच्यापासून कोण राखणार, ते तुम्ही बघा.

७. मंगलाष्टकं : माथेरान २००३ पासून पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र आहे. जंगलात होम पेटवू नका. तो हॉटेलच्या आवारात करा. पॉइंटवर काही करायचं तर आधी परवानगी काढा. अंतरपाट धरायला दोन दणकट मामा ठेवा, वारा तो दरीत नेतो. एको पॉइंटवर ‘सावधान’ पलीकडच्या कड्यावरून पुन्हा ऐकू येतं. समर्थ रामदासांना म्हणे ते एकदाच पुरलं होतं. इथे मागे दरी असल्याने नवरदेवाला ती सोय नाही.

एवढं सोसून जी माणसं वर येतील, ती तुमची. त्यांना पोटभर वाढा. न आलेल्या शंभर जणांसाठी खाली कर्जतला रिसेप्शन करावंच लागेल, त्यामुळे छोट्या लग्नाचा खर्च मोठ्या लग्नाएवढाच येतो. हॉलचा अ‍ॅडव्हान्स आजच भरून ठेवा.