दाराच्या मुठीस स्पर्श करण्याचा विधी

मिनेसोटासारख्या राज्यात, जेथे जानेवारीतील पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरतो आणि मुळातच अल्प बाष्प असलेली बाहेरची हवा घरात तापवल्यावर अधिकच रुक्ष होते, तेथे मुलाकडे सहा महिने राहावयास आलेल्या वडिलांनी खोलीबाहेर पडताना पुढील विधी पाळावा. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले असल्यास विशेष काटेकोरपणे पाळावा. कारण ज्या गृहस्थांनी 35 वर्षे 11,000 व्होल्टच्या वाहिन्या सांभाळल्या, त्यांनी दाराच्या मुठीला हात लावून "अगं आई गं" म्हणणे सुनेसमोर शोभत नाही.

प्रथम सपातांचा विचार. रबरी तळ विजेपासून रक्षण करतो, हा गृहस्थांचा आयुष्यभराचा सिद्धान्त तारेच्या विजेपुरता खरा असला, तरी येथे नेमका उलटतो. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून विलग झाले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहतात, आणि वाहून जाण्यास वाट न मिळाल्याने साठून राहिलेल्या अशा प्रभारास स्थितिक विद्युत म्हणतात. नायलॉनचा गालिचा व रबरी तळ हे काम पावलागणिक करतात, आणि तोच तळ शरीरावरील प्रभाराला जमिनीत उतरू देत नाही. डोंबिवलीत हा प्रकार जाणवला नाही, कारण दमट हवेत वस्तूंवर बसणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थरावरून प्रभार निसटून जातो. त्या घामाला गृहस्थांनी किती नावे ठेवली होती!

अर्थिंगविषयी बोलू नये. घराचे अर्थिंग उत्तम असते. नसते ते गृहस्थांचे.

आता मूठ. हवेत दर सेंटिमीटरला सुमारे 30,000 व्होल्टचे क्षेत्र निर्माण झाले की तिची रोधकता ढासळते, म्हणून काही मिलिमीटर उडणाऱ्या ठिणगीमागे हजारो व्होल्ट असतात. परंतु प्रभार अत्यल्प असल्याने सारा प्रकार निमिषात आटोपतो आणि अपाय होत नाही. याने गृहस्थांचे समाधान होत नाही. त्यांनी ध्यानात घ्यावे की 1746 साली नोले या फ्रेंच पाद्र्याने राजासमोर हातात हात दिलेल्या 180 शिपायांमधून असाच साठवलेला प्रभार सोडला, तेव्हा ते सगळे एकदम उडाले होते.

उपाय साधा आहे. किल्ली मुठीत घट्ट धरून तिचे टोक दाराच्या मुठीला लावावे, म्हणजे ठिणगी किल्लीवर पडते, प्रवाह तळहातभर पसरतो आणि बोटाच्या टोकाला चटका बसत नाही. डोंबिवलीच्या कपाटाची किल्ली, जी शेजाऱ्यांकडे ठेवण्याऐवजी खिशातून इकडे आली म्हणून गृहस्थांनी विमानात सोळा तास बोलणी खाल्ली, ती या कामी उत्तम. सुती मोजे, हाताला मलम आणि खोलीत बाष्पयंत्र हेही उपयोगी पडतात.

नातू गालिच्यावर पाय घाशीत, बोट रोखून आजोबांच्या नाकाकडे येऊ लागल्यास मात्र किल्ली खिशातच ठेवावी आणि नाक किंचित पुढे करावे.