चक्रधर

पुण्यातल्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये हे गृहस्थ असतातच. बारशाचं नाव काहीही असो, ग्रुपमध्ये ते चक्रधर. रविवारी पहाटे सगळे आपापल्या हृदयाचे ठोके मोजत सिंहगडाकडे निघालेले असतात, तेव्हा चक्रधरांचं लक्ष दुसऱ्यांच्या चाकांकडे. "बत्तीस आरे, तीन क्रॉस," असं ते पुटपुटतात. स्थळाच्या पत्रिकेत 'बी.कॉम.' वाचून आत्याबाई ज्या सुरात "बरं" म्हणतात, तोच सूर.

वास्तविक त्या चाकात वाईट काय आहे? हबपासून रिमकडे जाताना प्रत्येक आरा शेजारच्या तिघांना ओलांडतो, एवढंच. असे तिरके आरे जेम्स स्टार्लीने इंग्लंडात १८७४ साली पेटंट केले आणि ते अजून टिकून आहेत. पायडलचा जोर रिमपर्यंत पोचवायचा तर मागच्या चाकात तिरपेपणा हवाच. चक्रधरांना हे तुमच्याआमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण "सगळ्यांचंच तसं असतं हो!" म्हटल्यावर विज्ञान काय बोलणार?

आधी त्यांनी 'कावळ्याचा पाय' बांधून घेतला. तीन आऱ्यांचा एक गट, मधला सरळ, कडेचे दोघे एकमेकांना छेदणारे. बत्तीसला तिनाने भाग जात नाही, म्हणून ३६ भोकांची नवी रिम, नवा हब आणि दोन वेगळ्या लांबीचे आरे. मग 'हिमफूल', म्हणजे दोन आऱ्यांना एकमेकांभोवती पीळ. पेठेतल्या मिस्त्रींनी त्या चाकाचा आऊट काढायला घेतला. निपल अर्धा फेरा फिरवला. पिळापाशी आरे एकमेकांत अडकले, ढिम्म हलेनात. आणखी पाव फेरा, आणि कट्‌! उजवीकडचा आऊट डावीकडे गेला. मिस्त्रींनी चावी खाली ठेवून तंबाखू मळायला घेतली. "साहेब, हे चाक शोकेसमध्ये बेस्ट दिसंल."

शेवटी कॅम्पाग्नोलोची जी-थ्री चाकं आली. मागच्या चाकात तीन-तीन आऱ्यांचे सात झुबके. "एकवीस! शुभ आकडा!" इथे मात्र मी चक्रधरांच्या बाजूचा. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे आरे जास्त उभे बसतात आणि त्यांच्यावर ताणही जास्त येतो. म्हणून त्या बाजूला दुप्पट आरे देऊन ताण सारखा केलेला. ही नुसती नक्षी नव्हे.

पण खरी मेख वेगळीच. चाक फिरायला लागलं की नक्षी दिसतच नाही! त्यामुळे चक्रधर चहाच्या प्रत्येक टपरीवर थांबतात. सायकल टेकवून चाक हाताने फिरवतात, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणतात, दोन पावलं मागे जाऊन बघतात. चहा गार होतो.

पुढे व्हायचं ते झालंच. दर फेऱ्याला जमिनीकडचा आरा किंचित सैलावतो, पुन्हा ताणतो. आरे मोजकेच असले की प्रत्येकाच्या वाट्याला भार जास्त. कात्रजच्या चढावर टण्‌कन एक तुटला. बत्तिसातला एक गेला असता तर ब्रेक जरा सैल करून घर गाठता आलं असतं. एकविसातला गेल्यावर चाक असं लचकलं की टायर फ्रेमला घासायला लागलं. बत्तीसवाले पुढे निघून गेले. चक्रधर टेम्पोत.

टेम्पोवाल्याने आरशातून मागे पाहिलं. "काका, मधल्या तारा कुठं पडल्या हो तुमच्या?"

स्वारगेट येईपर्यंत त्या बिचाऱ्याला गाणी लावता आली नाहीत.