भारत, व्हाया सिंगापूर

न्यू जर्सीतल्या मराठी घरात ऐन मालिकेत टीव्ही काळा पडला, की आधी इंटरनेटच्या नावाने बोटं मोडली जातात, मग टीव्हीच्या कंपनीच्या. हौसेने टाकलेल्या फुकट व्हीपीएनकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. घरचा जावईच तो!

टीव्ही ‘स्मार्ट’ म्हणवला, तरी अनेक संचांची रॅम असते १ ते २ जीबी. तेवढ्यात टीव्हीची स्वतःची यंत्रणा, मालिकेचं अ‍ॅप आणि आल्यागेल्या प्रत्येक बाइटला कुलूपकिल्ली लावत बसलेलं व्हीपीएन. मेमरी कमी पडली, की अँड्रॉइड आपणहून अ‍ॅप बंद करू लागतं आणि पडद्यावरची सासू वाक्य अर्धवट टाकून अंतर्धान पावते.

आणि हा खटाटोप कशासाठी, तर आपण भारतात आहोत असं भासवण्यासाठी. त्यातही गंमत अशी: एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने, म्हणजे भारत सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेने, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं जपायला सांगितलं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन या कंपनीने भारतातले सर्व्हर गुंडाळले आणि ग्राहकांना सिंगापूर व ब्रिटनमधून ‘भारत’ पुरवला.

दुरुस्ती सोपी आहे. व्हीपीएन काढा, टीव्ही सुतासारखा सरळ चालला, तर चोर सापडला. तरीही ते हवंच असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ओपनव्हीपीएनऐवजी हलका वायरगार्ड प्रोटोकॉल निवडा, किंवा व्हीपीएन थेट राउटरवर बसवा.

एवढं सगळं जमलं, की टीव्ही अजिबात बंद पडत नाही. स्वच्छ, स्थिर पडद्यावर अ‍ॅपची सूचना झळकते: कृपया व्हीपीएन बंद करा.