बोर्डच बदलावा लागेल!

टॅब सहसा बिघडत नाही, त्याची चार्जिंगची पिन बिघडते. स्क्रीन लख्ख, बॅटरी ठणठणीत, आत आजोबांची कीर्तनं आणि नातीची आठवीची गणितं सुखरूप; पण तळाच्या खाचेने चार्जरशी अबोला धरलेला. मग घरोघरी अनुष्ठान बसतं. केबल उलटी लाव, जरा वर उचल, खाली वही दे, थोडी डावीकडे... आलं, आलं! आता पंखाही लावू नका, सात टक्के झालंय.

यात अभियंत्यांचा दोष नाही. टाइप-सीची खाच किमान १०,००० वेळा केबल घालण्या-काढण्यासाठी बनवतात. रोज एकदा धरलं तरी २७ वर्षं. शिवाय दाब धरणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलच्या टोकात ठेवल्यात, कारण झिजायचंच तर स्वस्तातली केबल झिजावी. हिशेब चोख आहे. फक्त चाचणीचं यंत्र केबल सरळ घालतं आणि सरळ काढतं. केबल लावलेलाच टॅब पोटावर उभा करून रात्री मालिकेचे चार भाग संपवणारा माणूस त्यांनी चाचणीला बोलावला नव्हता.

पहिला उपाय फुकटचा आहे. टॅब बंद करा, उजेडात धरा आणि लाकडी दातकोरणीने खाचेतला कचरा हलक्या हाताने काढा. सुई नको, टाचणी तर नकोच. बऱ्याचदा आजार पिनेला नसतो, पिशवीतल्या धाग्यादोऱ्यांनी खाच भरलेली असते. मग दुसऱ्याची केबल लावून बघा. तरी अबोला सुटला नाही, तर दोन दारं उरतात.

कंपनीच्या थंडगार सेवा केंद्रात टोकन मिळतं, पाणी मिळतं आणि निदान मिळतं : ‘बोर्डच बदलावा लागेल.’ बोर्डाचा भाव नव्या टॅबच्या इतका जवळ असतो की नव्या मॉडेलचं पत्रक कुणी न मागता पुढे सरकतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या गाळ्यातला कारागीर मात्र आधी बघतो, सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंगच्या पिनेचा बोर्ड, वेगळा आहे का. असला, तर तो छोटा तुकडा बदलला की काम झालं. पिन मुख्य बोर्डावरच डाखलेली असेल, तर हॉट एअर गनने जुनी उतरवायची, नवी बसवायची. जिकिरीचं आहे, अशक्य नाही. खरी मेख वेगळीच. चिल्लर किमतीच्या त्या पिनेपर्यंत पोचायला अनेक टॅबची गोंदाने चिकटवलेली महागडी स्क्रीन तापवून सोडवावी लागते. म्हणून हा कारागीर हत्यारांआधी वाक्य काढतो : ‘काच गेली तर आपली जबाबदारी नाही.’

सरकार झोपलंय असं कुणी म्हणू नये. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. तिथे कंपन्यांच्या सेवा केंद्रांची माहिती मिळते. म्हणजे ‘बोर्डच बदलावा लागेल’ हे ऐकायला कुठे जायचं, ते घरबसल्या कळतं. मे २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीचा अहवालही आला : वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचे गुण तिच्यावर छापा. युरोपने गुणपत्रिकेवर भागवलं नाही. २० जून २०२५ पासून तिथे फोन-टॅबचे महत्त्वाचे सुटे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवायचं बंधन कंपन्यांवर आहे.

आपल्याकडे दुरुस्तीचा हक्क नाही असं नाही. तो गाळ्यात मिळतो : रोखीने, बिलाशिवाय आणि दुकानाच्या पायरीपर्यंतच्या हमीसह.