गळक्या लहरी

स्वस्तातला एलईडी दिवा लावला की मीडियम वेव्हवरची आकाशवाणी खरखरू लागते. दिव्यातलं चिमुकलं सर्किट विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं आणि त्यातून गळणाऱ्या लहरी थेट बातम्यांत शिरतात. आमचा भाचा हौशी रेडिओवाला. त्याच्या यंत्रांनाही हाच उपद्रव. म्हणून त्या लहरी कोंडायला त्याने मामीच्या स्वयंपाकघरावर धाड घातली: पोळ्या गुंडाळायचा फॉइलचा कागद, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि परसातली, खुराड्याची उरलेली जाळी.

"मामा, फॅरेडेने 1836 साली अख्ख्या खोलीला धातूचा वर्ख लावला होता!"

"त्याच्या मामीने लावू दिला असेल," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

जाळीची भोकं लहरीच्या लांबीच्या मानाने बारीक असली की झालं. एफएमची लहर तीनेक मीटर लांब, तिला खुराड्याची जाळी पुरते. वायफायची जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, तिला जाळी बरीच बारीक हवी. खरी गोम सांध्यात. झाकणाच्या फटीची रुंदी नव्हे, लांबी बघायची. नुसता कागद जाईल एवढी चीर लांबलचक असली की लहरी निसटल्याच. म्हणून भाचा डब्याच्या कडेचा रंग पॉलिश पेपरने खरवडतो आणि पत्र्याला पत्रा भिडवतो. अलिबागच्या खाऱ्या हवेत ती कड लगेच तांबारते, की पुन्हा खरवडणं आलं. एवढं करून वायर तशीच बाहेर काढली तर सगळी मेहनत पाण्यात, कारण लहरी वायर धरून आरामात बाहेर पडतात.

फॉइलचा गर्व उतरवायला मात्र आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. त्याआधी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. ट्राम घोडे ओढत होते तोवर कुणाची तक्रार नव्हती. विजेच्या ट्रामची चाहूल लागली आणि प्रश्न आला, कारण त्यांचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि चुंबकसुई बिथरते. असल्या संथ चुंबकीय क्षेत्राला ॲल्युमिनियम अडवत नाही. लोखंड अडवतं, पण मग चोराबरोबर पाहुणाही दाराबाहेर राहतो. मोजायचं तेच आत येत नाही. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी सर्वांत स्वस्त कवच निवडलं: अंतर. अलिबागला पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली इमारत उभी राहिली, 1904 ते 1906 दोन्हीकडे जोडीने नोंदी घेऊन आकडे जुळवले गेले आणि 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम खुशाल धावली. मध्ये समुद्र होता.

आता 2020 पासून अलिबागजवळच्या मांडव्याला मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट लागते. शनिवारी तिच्या पोटातून मुंबईचं टनावारी लोखंड उतरतं आणि चोंढी नाक्यावर अडकून हॉर्न वाजवत बसतं. मूससाहेब असते तर एव्हाना मुरुडकडे जागा बघायला लागले असते.