बंपरच्या पाठीवर काय लिवलंय?

काय करलालाव वैनी? सकाळधरनं बघलाले मी, पोरगा गाडीपुढं उकिडवा बसून हाय. बंपर तडकला? शिरूर ताजबंदाकडनं येताना ट्रॉली मागं घेतली कुणीतरी? व्हय, सोयाबीन निघालं की हायवेला ट्रॉल्याच ट्रॉल्या, अन् मागं ना लाइट ना लाल कापड. पोरगं धड हाय ना, मग बास. बंपर काय, जुळतो.

काय म्हणलाव? गमनं चिकटवला? अवो वैनी! आष्टामोडच्या पहिल्या गतिरोधकाला सुटंल तो. हसू नका, आमच्या यांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. जेवताना सुद्धा बोल्ट-नटाच्याच गोष्टी. ऐकून ऐकून मलाच निम्मी मेकॅनिकी आली बघा.

पोराला म्हणावं, बंपर उतरव आन् उलटा कर. आतल्या अंगाला बारीक अक्षरं उठवलेली असतेत. बहुतेक पीपी, पुढं ईपीडीएम, कधी टी-20. क्रिकेट नव्हं! पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तुमच्या अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची त्याच जातीची. ईपीडीएम म्हणजे त्यात घातलेलं रबर, ठोकर बसली की वाकावं, फुटू नये म्हणून. आन् टी म्हणजे टाल्क, आपलं शंखजिरं, शंभरात वीस भाग. हे पॉलिप्रॉपिलीन मेणचट. त्याला ना गम धरतो ना एम-सील. वितळवूनच जोडावं लागतं.

आरशाचं कव्हर, समोरची जाळी, स्कूटीचे पॅनल, हे बहुतेक एबीएसचे. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, तिथं गम चालतो. कुणी म्हणतं तुकडा पाण्यात टाकून बघा, पीपी तरंगतं आन् एबीएस बुडतं. खरं हाय, पण शंखजिरं जास्त असलं तर पीपी बी बुडतं. म्हणून अक्षरंच वाचावीत.

तुम्हाला आठवतं का, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीत घागरी जोडणारा यायचा? लोखंडाची पट्टी तापवायचा, जुन्या घागरीचा तुकडा चिरेवर ठिवायचा, दोन्ही एकजीव होईस्तोवर दाबायचा. घागरीला घागरीचंच ठिगळ, बादलीचं नाही. बंपरला तेच करायचं. भंगारातून तसलाच, पीपी लिहिलेला तुकडा आणायचा, त्याच्या करंगळीएवढ्या पट्ट्या कापायच्या.

आधी सगळी माती साबणानं धुवा, नाहीतर चिखलच वितळून आत बसतो. मग चीर जिथं संपते, तिथं ड्रिलनं बारीक भोक पाडा. कामून? तडा त्या टोकालाच ताण धरतो आन् रोज इंच-इंच पुढं सरकतो. गोल भोक पडलं की तिथं थांबतो. पुढच्या बाजूनं टेप लावून दोन्ही काठ बरोबर जुळवा. इथं घाई केली की पुढं कितीबी रंग मारा, पायरी दिसतेच. मागनं चिरेवर खाच करा, स्टीलची बारीक जाळी ठिवा, सोल्डरिंगनं हळूहळू आत बसवा आन् वरून पट्टी वितळवत भरा. पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं. धूर आला की समजा, जुळत नाही, जळतंय. काम अंगणातच करा, तोंडाला रुमाल बांधून. घरात तो वास दोन दिवस जात नाही.

रंगाचं मात्र पोराला बजावून सांगा. पॉलिश पेपर मारून आधी प्लॅस्टिकचं प्रायमर लावायचं, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात रंगाची सालं निघतेत.

आन् बंपरच्या मागं लोखंडी पट्टी असते, ती वाकलीय का बघितलं? नाही? मग ते आधी बघा! वाकली आसंल तर हे घरचं काम नव्हं, सरळ गॅरेज. खरा धक्का तीच खाते.

इन्शुरन्स? लावा की. पण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या पार्टची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतेत. वरून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपलेच. झिरो डेप असलं तर निम्म्याची कापाकापी वाचते, पण क्लेम केला की बोनस गेलाच. एक वर्ष क्लेम नाही तर गाडीच्या नुकसानीपुरत्या हप्त्यात 20 टक्के सूट, सलग पाच वर्षं नाही तर 50. एका चिरेसाठी ते घालवायचं का, हे हिशेब करून ठरवा.

आमचे हे म्हणतेत, अ‍ॅम्बॅसेडरचा लोखंडी बंपर हातोड्यानं सरळ व्हायचा. मी म्हणलं, 72 च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडत होतात, तवाच फ्रान्समध्ये रेनॉ 5 ला प्लॅस्टिकचे बंपर लागले होते. आता कशाला रडलालाव? तवापासून गप हायेत.

सोल्डरिंग आमचं न्या, 60 वॅटचं. ते रेडिओचं 25 वॅटवालं नका आणू, त्यानं प्लॅस्टिक नुसतं वरवर मऊ होतं. फक्त काम तुमच्या गेटाकडं करा वैनी, इकडं माझे पापड वाळलालेत.