शाल, श्रीफळ आणि चाळीस अंश

एप्रिल-मेमध्ये पुण्यातला फुकट कार्यक्रम मी सहसा चुकवत नाही. त्याचं श्रेय लोकांनी माझ्या रसिकतेला द्यावं, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. घरात मात्र ते श्रेय आमच्या मजल्याला मिळतं. आमच्या डोक्यावर थेट गच्ची आहे. ती दिवसभर तापते आणि सूर्य मावळला की साठवलेलं सगळं आमच्या बैठकीच्या खोलीत सोडायला लागते. त्यामुळे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मी अर्थकारण, अध्यात्म, भावगीतं आणि मधुमेहींचा आहार यांपैकी काहीही तन्मयतेनं ऐकू शकतो. मी चपला सरकवायला लागलो की ही विचारते, ‘‘निघालात का हवा खायला?’’ मी ‘‘व्याख्यानाला,’’ अशी दुरुस्ती करतो. ती मंजूर झाल्याचं आठवत नाही.

उघड्यावरच्या कार्यक्रमात कुठे बसावं, याचा माझा अभ्यास आहे. पहिल्या रांगेत पांढरे अभ्रे चढवलेले सोफे असतात. तिथं टेकलं की बिल्ला लावलेला एखादा पोरगेला कार्यकर्ता ‘‘काका, ही मान्यवरांसाठी आहे,’’ असं चारचौघांत सांगतो. दुसऱ्या रांगेत मान्यवरांचे ड्रायव्हर आणि मेव्हणे. म्हणून तिसरी रांग, डावीकडची कडेची खुर्ची. तिथं मोठ्या पंख्याचा झोत निम्मा लागतो, फोटोत चेहरा निम्मा येतो आणि निवेदिकेची नजर फिरली तर ती आपल्यावरून जाण्याची शक्यता पुरेपूर असते. ‘‘आज आपल्यात उपस्थित असलेले ज्येष्ठ...’’ म्हणून ती कागदात डोकावते, तेव्हा मी चष्मा पुसून घालतो. उगाच बेसावध सापडायला नको. आजवर त्या वाक्यातून निवृत्त अभियंते, माजी नगरसेवक आणि एकदा तर ध्वनिव्यवस्थेवाले निघाले. मी अजून निघायचा आहे.

आपल्या पूर्वजांनी सण आखताना हवामानाचा विचार केला होता, असं सांगणारे लेख दर वर्षी छापून येतात. ते लिहिणाऱ्यांनी रामनवमीला तुळशीबागेत चपला काढून उभं राहावं. जन्म भर दुपारी बाराचा. आत पाळणा हलतो तेव्हा बाहेरच्या फरशीवर भाविक आलटून पालटून एकेका पायावर असतो. त्यामानानं मारुतीराय समंजस. सूर्योदयाला जन्म घेतात आणि सुंठवडा वाटून आठाच्या आत भक्तांना घरी पोचवतात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा डोंबिवलीत 1999 मध्ये सुरू झाल्या आणि आता गिरगावपासून पुण्यापर्यंत सगळीकडे निघतात. निघतात सकाळीच, पण ढोलताशा पथकाला ‘आता पुरे’ हे कुणी सांगायचं? नऊवारी, नथ, फेटा आणि काळा गॉगल अशा थाटात बुलेटवर बसलेल्या मुली अकराच्या उन्हात सिग्नलसारख्या ताठ असतात आणि कडेला उभ्या असलेल्या मला टोपीतही भोवळ येते. अक्षय्य तृतीयेला दगडूशेठ गणपतीपुढे 11,000 आंब्यांचा नैवेद्य मांडतात. पुढे ते आंबे ससूनमधल्या रुग्णांना वाटतात, म्हणून त्या रांगेत तापलो तरी कुरकुर करत नाही. आजारी माणसाच्या तोंडच्या आंब्याकडे नुसतं बघायला मिळालं, तेही पुष्कळ.

या सगळ्यात धोरणीपणा दाखवला तो एका न्यायाधीशानं. रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती उन्हाळ्यातच, आणि आजही ती टिळक स्मारक मंदिरात भरते ती दिवस कलल्यावर. दीडशे वर्षं झाली, पुणेकर उन्हाळा कानांनी काढतात. विषय कुठलाही असो, समोर शे-दोनशे माणसं असतात. त्यातली निम्मी वक्त्याशी मनातल्या मनात भांडत असतात. भांडताना उकाडा जाणवत नाही.

आणि देवांची काळजी तर आपण किती घेतो! पंढरपुरात चैत्रापासून पार मृगापर्यंत विठोबाला चंदनाची उटी लावतात. गणपतीला मोगऱ्यात बसवतात. देवाला उकडतं, हे आपल्याला कळतं. माणसाचा सन्मान करायचा झाला की मात्र आपण मे महिन्यात त्याच्या खांद्यावर शाल घालतो.

शालीवर आलोच आहे तर जरा बसू. आमच्याकडे शाली आहेत. किती आहेत ते सांगितलं तर आत्मप्रौढी होईल, म्हणून एवढंच सांगतो की कपाटाचं दार खांद्यानं ढकलून लावावं लागतं. त्यातल्या बऱ्याचशा सासऱ्यांच्या आहेत, ही माहिती ही पाहुण्यांना न विचारता पुरवते. ते मुख्याध्यापक होते. त्यांचे माजी विद्यार्थी सत्कार करायला टपूनच असायचे. माझं तसं नाही. माझा सत्कार करायला लोकांना आधी मी सुचावा लागतो.

सत्काराची शाल ही जात वेगळी. ती ऊब देण्यासाठी विणलेली नसते. डिसेंबरात पांघरून पाहिली तर कुडकुडायला होतं. उन्हाळ्यात मात्र तिच्यात मेंढ्यांचा अख्खा कळप जागा होतो. ती करकर वाजणाऱ्या पारदर्शक पिशवीतून निघते, घड्या मोडायला तयार नसते आणि कोपऱ्यातला किमतीचा कागद काढताना निम्मा तिथंच राहतो. तो निम्मा कागद मी घरी गेल्यावर वाचायचा प्रयत्न करतो. हे सगळेच करतात. फक्त लिहीत नाहीत.

शाल अंगावर किती वेळ ठेवायची, यावरून माणसाची पायरी कळते. खरे मोठे लोक ती खांद्याला लागते न लागते तोच काढतात आणि मागं न बघताही कुणाच्या तरी हातात देतात. मधले लोक काढून व्यवस्थित घडी घालतात आणि मांडीवर ठेवतात. नवखे आभारप्रदर्शन होईपर्यंत पांघरून बसतात आणि त्यांच्याकडे बघूनच श्रोत्यांना घाम फुटतो. मी स्वतःला मधल्या गटात धरतो, पण एक अडचण असते. शाल पडते त्या क्षणी फोटोग्राफर हमखास चुकीच्या बाजूला असतो. ‘‘सर, परत एकदा.’’ मग आयोजक तीच शाल काढून पुन्हा घालतात, आम्ही दोघं पहिल्यांदाच भेटल्यासारखे हसतो आणि ‘‘नारळ जरा वर, सर,’’ म्हणून तो आम्हाला गोठवून ठेवतो. एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ. घामाचा एक ओघळ मानेवरून निघालेला असतो. तो कुठे चाललाय ते आपल्याला कळत असतं आणि काहीही करता येत नसतं. एवढ्यात कुणीतरी फेटा आणतो. तयार बांधलेला, एका मापाचा, आपल्याआधी तिघांनी घालून दिलेला. तो ओल्या केसांवर बसला की दोन सुरांत गुदमरल्याचा आवाज येतो: एक आपला, एक फेट्याचा. आणि खरं सांगू? त्या अवस्थेतही मनात एकच विचार असतो, फोटो नीट आला असेल ना?

तर अशीच एक शाल मला एका वाचनालयाच्या सुट्टीतल्या शिबिराच्या समारोपाला मिळाली. वेळ दुपारी चारची, जागा शाळेचं मैदान. मंचावर कापडी छत, दोन्ही बाजूंना कूलर, पाहुण्यांपुढे थंड पाण्याच्या बाटल्या. समोर सतरंजीवर मुलं. मुलांवरचं कापड अर्ध्यावरच संपलं होतं. एक माननीय यायचे होते म्हणून कार्यक्रम थांबलेला. सावली सरकली की मुलं बुडावरच सरकायची. कडेची मुलं उन्हात पडली की मधल्यांना ढकलायची. मंचावरून ती हालचाल फार स्पष्ट दिसत होती. बक्षिसं आधीच वाटून झाली होती. पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीनं आपलं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. तिचं बघून शेजारणीनं धरलं. मग सगळ्या विजेत्यांनी. उरलेली मुलं डोळे बारीक करून बसली. कथाकथनात पहिला येण्याचा एवढा रोकडा फायदा मी कुठे पाहिला नव्हता.

माननीय आले, मंचावर चढले, ‘‘मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही,’’ म्हणाले आणि त्यांनी तो घेतला.

ऐकताना मला शालीतल्या घामापेक्षा वेगळं काहीतरी बोचत होतं. आपल्या सार्वजनिक कार्यक्रमांत सावली वरून खाली वाटली जाते. आधी मंच, मग सोफे, मग अभ्र्याच्या खुर्च्या, आणि कापड उरलं तर लोक. एरवी ही चेष्टेची गोष्ट आहे. तिसऱ्या रांगेसाठी धडपडणाऱ्या माझ्यासारख्यानं ती करावी आणि सोडून द्यावी. पण 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसं श्रद्धेनं येऊन बसली होती, दुपारपर्यंत, डोक्यावर छप्पर नसताना. उष्माघातानं 14 जण गेले. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं सरकारनं जाहीर केलं. हे कळायला आपल्याला 14 माणसं लागली. उन्हात बसलेला माणूस उठून जात नाही, कारण तो कुणाला तरी मान द्यायला आलेला असतो. बोलणाऱ्याला वाटतं, तो आपल्या भाषणात रंगलाय. त्याचे ओठ कोरडे पडणं मंचावरून दिसत नाही, कारण मंच नेहमी उंच बांधतात आणि लांब.

माझी सूचना सोपी आहे. छत समोर घाला आणि मंच उघडा ठेवा. भाषणं आपोआप आटोपशीर होतील, सत्कारमूर्ती ‘शाल नको, झाड द्या’ म्हणतील आणि ‘दोन शब्द’ खरोखर दोनच येतील. ही सूचना मी एका आयोजकांना सांगितली. त्यांनी ती हसून ऐकली आणि पुढच्या वर्षीपासून मला बोलावणं बंद झालं.

12 ते 5 च्या त्या बंदीत मांडववाली पोरं मात्र येत नाहीत. कारण त्यांचा कार्यक्रम नसतो. त्यांची तयारी असते. परवा कडेची खुर्ची गाठायला मी जरा जास्तच लवकर एका मैदानावर पोचलो, तेव्हा एक पोरगा लोखंडी पाइप उभे करत होता. ओल्या गोणपाटाचे दोन तुकडे तळहातांना गुंडाळलेले. पाइप इतके तापलेले, की उघड्या हातानं धरवत नव्हते. गोणपाट वाळलं की बादलीत बुडवायचा, पुन्हा धरायचा. मी खुर्चीवर रुमाल टाकला तसा तो म्हणाला, ‘‘काका, आत्ताच नका बसू, चटका बसंल.’’ त्यानं स्वतःच्या बादलीतलं पाणी खुर्चीवर शिंपडलं, फडक्यानं पुसलं आणि हातानं चाचपून बघितलं. मग म्हणाला, ‘‘आता बसा.’’ इतक्या समारंभात मी बसलोय, पण मला खुर्ची अशी कुणी दिली नव्हती.

‘‘कार्यक्रमाला थांबतोस का?’’ मी विचारलं.

‘‘थांबावंच लागतं, रात्री सगळं काढायचं असतंय. स्टेजच्या मागं झोपतो.’’ मग माझ्याकडे नीट बघून, ‘‘तुम्ही मागच्या टायमाला बोलले होते ना? केशरी फेटा घालून?’’

मी चष्मा काढला, पुसला, घातला. होय म्हणालो.

‘‘लई शांत बोलता काका तुम्ही. एकदम गाढ लागली होती मला.’’

शहरात मला चेहऱ्यानं ओळखणारा माणूस अखेर भेटला होता. घरी येऊन मी हे हिला सांगितलं. गोणपाटाचंही सांगितलं, झोपेचंही. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दिवसभर पाइप उचलणाऱ्याला झोप लागली ना? मग झालं तर. तुमच्या भाषणाचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.’’

आयोजक मंडळी कार्यक्रमाआधी पाहुण्यांकडून परिचय लिहून मागवतात. माझ्यात मी एक ओळ वाढवली आहे: श्रमिक वर्गात विशेष लोकप्रिय.